खिशातले दगड

लाल मातीच्या पायवाटेवर पहिला पांढरा दगड दिसला, तेव्हा आत्या तो ओलांडून पुढे गेली. तिचं लक्ष दगडांवर नव्हतंच. ते होतं पुढे चाललेल्या चौघांच्या पाठींवर आणि त्या पाठींवरून लोंबणाऱ्या पट्ट्यांवर. चालताना पट्ट्यांचे लोखंडी हूक एकमेकांवर आपटून किणकिणत होते, आणि प्रत्येक किणकिणीला ती ते हूक पुन्हा मोजत होती.

दुसरा दगड दिसला तेव्हा मात्र ती थांबली.

वाट डोंगराची, आणि हा दगड नदीतला. गुळगुळीत, चपटा, अंड्याच्या कवचासारखा पांढरा. असल्या दगडांचा खच त्यांनी सुट्टीसाठी भाड्यानं घेतलेल्या घरासमोर होता. सकाळी पिटू तिथंच खेळत बसली होती. तो दगड इतक्या वर चालत आला नसणार.

पिटू ही तिच्या धाकट्या भावाची मुलगी, नऊ वर्षांची. अंगानं एवढीशी की शाळेच्या गणवेशाची कंबर आत्या दर वर्षी आत घेत असे. आत घेणं, सैल करणं, उंची कमी करणं हेच आत्याचं काम. कपड्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, मशीनवर. दुकानात तिला 'मागच्या बाई' म्हणत, घरात भाऊ-भावजय ताई म्हणत, आणि पोरं आत्या. ती इतकं हळू बोले की भावजय हसत म्हणायची, "ताई, तुमचं बोलणं ऐकायचं म्हणजे कानाला भिंग लावावं लागतं."

ते हळू बोलणं स्वभावाचं होतं तसं नेमाचंही होतं. रोज उठल्यावर तासभर मौन. माळ ओढायची, तोंड उघडायचं नाही. मौन सोडताना देवासमोर हात जोडून दोन गोष्टी म्हणायच्या: आज आवाज चढवणार नाही, आणि आज दिलेला शब्द मोडणार नाही. फक्त आजच्यापुरतं. उद्याचं उद्या पुन्हा मागायचं. सुट्टीवर आली म्हणून तिनं नेमाला सुट्टी दिली नव्हती.

आज तर तिनं माळ दोनदा ओढली होती. कारण आज झिपलाइन होती.

ठरलं होतं ते असं: डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये पट्टे चढवायचे, तासाभराची वाट चढून वर जायचं, वाटेत धबधबा बघायचा, आणि वरच्या मचाणावरून तारेला लटकून दरी ओलांडून पलीकडच्या माळावर उतरायचं. भावजय गाडी घेऊन वळसा घालून पलीकडे जाणार, जेवणाचे डबे तिच्याकडे. आत्या फक्त चालायला येणार. मग शिट्टीवाल्या बाईबरोबर तीच वाट उतरणार. पण मचाणावर पाय ठेवायचा तर पट्टा लागतोच, असा तिथला नियम, म्हणून तिलाही पट्टा चढवला होता. भावजयीनं आणलेली पँट, त्यावर मांड्यांभोवती ते जाड पट्टे. आरशात बघायची सोय नव्हती हे बरंच होतं.

शिट्टीवाली बाई म्हणजे तिथली वाटाडी. रुंद खांद्यांची, आखूड केसांची, गळ्यात शिट्टी आणि खांद्याला वॉकीटॉकी. शेडमध्ये तिनं एकेकाला काट्यावर उभं केलं आणि वजन निळ्या पेनानं प्रत्येकाच्या मनगटामागे लिहिलं.

"तीस किलोच्या खाली असेल तर एकटं सोडत नाही," ती म्हणाली होती. "मोठ्या माणसाच्या पुढ्यात बांधून पाठवतो."

"म्हणजे पार्सल!" पिटूचा दादा खिदळला होता. तेरा वर्षांचा, नुकती मिसरूड फुटायला लागलेला, त्यामुळे स्वतःला भलताच मोठा समजणारा. "काडी, तू बाबांच्या पोटावर. वर पत्ता लिहू का? नाजूक माल, आपटू नये?"

पिटू काट्यावर चढली होती. अंगात तिच्या बाबांचं जाड जाकीट, चेन गळ्यापर्यंत लावलेली. काटा हलला, अडखळला आणि तीसच्या जरासा पुढे जाऊन थांबला. दादाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पिटूनं त्याच्याकडे बघितलंही नाही.

आता आत्यानं वाटेवरचा तो दगड उचलला आणि तिला सगळं एकदम कळलं.

"पिटू," तिनं हाक मारली.

पुढे कुणालाच ऐकू गेलं नाही, पण पिटूला गेलं. तिला आत्याचा आवाज ऐकायची सवय होती. ती मागे रेंगाळली. बाकीचे वळणाआड गेले. भावाचा आवाज तेवढा येत होता. तो गॅरेजवाला, त्यामुळे शिट्टीवालीला तारेची जाडी आणि बेअरिंगं यांच्याबद्दल विचारून विचारून भंडावत होता.

पिटूच्या जाकिटाचा एक खिसा सपाट होता. दुसरा अजून फुगलेला.

"आधी शब्द दे," पिटू म्हणाली.

"कशाचा?"

"आधी दे, मग सांगते."

आत्याला कळायला हवं होतं की असा आंधळा शब्द देऊ नये. पण समोर ते एवढंसं तोंड, हेल्मेटखाली आणखीच एवढंसं झालेलं. "दिला," ती म्हणाली.

पिटूनं खिशात हात घालून दगड काढला, मग आणखी एक, आणि ते झुडपात टाकून दिले. "टोचतायत. चालता येत नाहीये. वजन झालंय ना आता, लिहिलंय की हातावर." तिनं मनगट दाखवलं. "बाबांना सांगायचं नाही. दादाला तर नाहीच नाही. त्या बाईंनापण नाही. मला पार्सल व्हायचं नाहीये, आत्या."

"पण वजनाचा नियम असेल ना काहीतरी..."

"नियम जाड्यांसाठी असतो. तार तुटू नये म्हणून. मी तर हलकी आहे."

आत्यानं मान हलवली. कारण तिलाही तसंच वाटत होतं. रात्रभर तिला जी भीती खात होती ती तारेची होती, हुकांची होती, पट्ट्यांच्या शिवणीची होती. शेडमध्ये सगळे हसत असताना तिनं पिटूच्या पट्ट्याची शिवण बोटानं चाचपून बघितली होती: जोडावर चौकोन, चौकोनात फुली, दोरा जाड, टाके सरळ. शिवण बरी होती. तरी शिवण कधी जाते हे तिला ठाऊक होतं. भार पडला की जाते. सगळा जन्म तिनं तेच बघितलेलं: माणूस जाडावला की शिवण उसवते. बारीक माणसाची शिवण कधी उसवलेली तिनं पाहिली नव्हती. मग हलकं असणं तर चांगलंच. हे दगड निघाले तेच बरं झालं, असंसुद्धा तिला क्षणभर वाटलं, आणि वाटेवर आल्यापासून पहिल्यांदा तिनं मोकळा श्वास घेतला.

"चल," ती म्हणाली. उरलेले दगड तिनं स्वतःच पिटूच्या खिशातून काढून वाटेच्या कडेला ठेवले.

धबधबा आला. सगळ्यांनी फोटो काढले. पाणी कड्यावरून सुटून खाली धुरासारखं होत होतं आणि त्यात कोवळं ऊन शिरलं होतं. आत्यानं ते बघितलं, पण तिला दिसली ती फक्त उंची. पुढे झाडी दाट झाली, मग एकदम संपली, आणि वारा आला. समोरून, दरीच्या पलीकडून, थेट तोंडावर.

मचाण एका जुन्या झाडाला बिलगून बांधलं होतं. फळ्या, खाली लोखंडी टेकू, कठडा फक्त दोन बाजूंना. तिसरी बाजू उघडी. तिथून ती तार निघत होती आणि खाली झुकत, बारीक होत, पलीकडच्या हिरव्या माळावर जाऊन दोऱ्यासारखी संपत होती. माळावर काडेपेटीएवढी गाडी, आणि तिच्याशेजारी ठिपका. तो ठिपका म्हणजे भावजय.

शिट्टीवालीनं तिच्या पट्ट्याचा हूक झाडाभोवतीच्या दोरात अडकवला. "आता तुम्ही पडायचं ठरवलं तरी पडणार नाही," ती म्हणाली. आत्यानं झाडाला पाठ लावली ती लावलीच.

"ताई, एक फोटो!" भाऊ ओरडला. "हस ना! फाशी द्यायला आणल्यासारखी काय उभी राहतेस?"

"अरे, असं अभद्र बोलू नये."

"बघ, मी आधी जातो. तिकडे पोचलो की हात करतो. तार मी बघितलीये, एक नंबर आहे. ट्रकसुद्धा तोलेल."

पलीकडच्या मचाणावरचा माणूस वॉकीटॉकीत खरखरला. त्याला शिट्टीवाली 'लंबू' म्हणत होती. शिट्टी वाजली, फळ्या हादरल्या, आणि तिचा भाऊ, चाळीस वर्षांचा, दोन पोरांचा बाप, आई गं म्हणत हवेत नाहीसा झाला. चाकाचा आवाज तारेवरून बारीक होत गेला. आत्यानं डोळे मिटले होते. उघडले तेव्हा माळावर दोन ठिपके होते आणि त्यातला एक हात हलवत होता.

मग दादा. फळीच्या टोकावर त्याची बडबड एकदम थांबली होती. "हे... पक्कं आहे ना?" त्यानं विचारलं, आणि त्याचा आवाज अर्ध्यातच पुन्हा लहान मुलाचा झाला. शिट्टी वाजली. तो गेला.

शिट्टीवाली डोळे बारीक करून बघत होती. दादा वेगानं गेला, पण पलीकडचं मचाण जवळ आलं तसा मंदावला, अगदीच मंदावला. लंबूनं हात लांब करून त्याला ओढून घेतला.

"वारा वाढलाय," शिट्टीवाली पुटपुटली. "हा भरलेला होता म्हणून पोचला." तिनं पिटूला पुढे घेतलं, तिचा हूक चाकाला लावला, झाडाचा काढला, पट्टे ओढून बघितले. मग तिचं मनगट उलटं करून आकडा वाचला. "तीसच्या वर. काठावर आहेस बघ. याच्या खाली असतीस तर समोरच्या वाऱ्यात मधेच थांबली असतीस. बस नीट. पाय उचल."

आत्यानं ते ऐकलं.

ते शब्द कानात शिरले आणि आत जाऊन बसायला जरा वेळ लागला. हलकी असतीस तर. मधेच थांबली असतीस. तिनं तोंड उघडलं. पिटूनं मान वळवून तिच्याकडे बघितलं, नुसतं बघितलं, आणि आत्याच्या जिभेवर सकाळी देवासमोर म्हटलेलं आडवं आलं. एक श्वास. एवढाच.

"बाई," ती म्हणाली, "ऐका ना, ती..."

तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली. वारा होता, हेल्मेट होतं. शिट्टी वाजली.

पिटू ओरडत गेली. आनंदानं ओरडत गेली. जाकीट फुग्यासारखं फुगलं होतं. चाकाचा आवाज उंच चढला, मग उतरला, मग आणखी उतरला. अर्धी दरी ओलांडली, त्याहून थोडी पुढे गेली, आणि मग, अगदी सावकाश, जसा झोका थांबतो तशी ती थांबली.

आणि मागे यायला लागली.

"काय झालं?" वॉकीटॉकीत लंबू.

"थांबली." शिट्टीवालीचा चेहरा बदलला. पिटू मागे घरंगळली, पुढे गेली, पुन्हा मागे आली, आणि तार जिथं सगळ्यात खाली झुकली होती तिथं, दरीच्या बरोबर मधोमध, लटकत राहिली. वाऱ्यानं तिला गोल फिरवलं. आता तिचं तोंड अलीकडे होतं. खाली झाडांचे शेंडे होते, आणि त्यांच्या खूप खाली पाण्याची रेघ.

"तीसच्या वर आहे पोरगी," शिट्टीवाली यंत्रात बोलत होती. "थांबायला नको होती. चाक अडकलं असणार. नुसता जाऊन उपयोग नाही, चाक बदलावं लागेल. शेडमधून सामान मागव."

"सामान यायला अर्धा तास लागेल."

"मग लाव माणूस पळायला!"

अर्धा तास. आत्यानं शिट्टीवालीचा दंड धरला. आयुष्यात तिनं परक्या माणसाचा दंड असा धरला नव्हता.

"चाक नाही. चाक चांगलं आहे. ती हलकी आहे. तिच्या खिशात दगड होते, वजनाच्या वेळी. वाटेत टाकून दिले. मला माहीत होतं."

शिट्टीवालीनं तिच्याकडे बघितलं. मग यंत्र तोंडाशी नेलं. "लंबू, सामान सोड. पोरगी हलकी आहे, चाक ठीक आहे. ओढायची दोरी घे आणि हातानं तार धरत जा तिच्यापर्यंत. आत्ता."

"निघालो."

पलीकडच्या मचाणावरून एक ठिपका तारेला लोंबकळला आणि हाताहातानं पुढे सरकू लागला. किती सावकाश. मुंगी बरी. आणि तेवढ्यात वाऱ्याबरोबर पिटूचं रडणं आलं. वारा तिकडून इकडे होता, त्यामुळे दरीतला प्रत्येक आवाज आत्याच्या कानावर आणून टाकत होता. पिटू रडत होती, त्याच्याही पलीकडून भावाचं ओरडणं येत होतं, "हलू नको! पिटू, हलू नको!" आणि भावजयीची एक किंकाळी, ज्यात शब्दच नव्हते. त्या ओरडण्यानं पोरगी आणखी बिथरली. ती पाय झाडायला लागली. तार हिंदकळली.

"मला उतरायचंय! दुखतंय! मला काढा ना!"

आणि तिचा हात छातीवर गेला. पट्ट्याच्या बकलाशी.

"नको, नको, नको," शिट्टीवाली दातांतून म्हणाली. तिनं शिट्टी वाजवली. शिट्टीनं पोरगी दचकली, हात सुटला, पुन्हा बकलाकडे गेला. "ते उघडलं तर उलटी होईल ती. वरचा पट्टा खांद्यातून निसटेल."

आत्या ओरडली.

आपल्या अंगात इतका आवाज आहे हे तिला स्वतःलाही माहीत नव्हतं. "पिटू!" घसा फाटला. "पिटू, हात काढ!" पण वाऱ्यानं तो आवाज उचलला आणि मागच्या झाडीत फेकून दिला. दरीत एक अक्षर उतरलं नाही. पिटूनं मान वर केली नाही. बकलाची जीभ तिच्या बोटांत होती. लंबू अजून लांब होता.

सकाळ. सकाळी आपण बोलत नाही. तरी ती ऐकते.

कुणीतरी कानात सांगावं तसं आत्याला ते आठवलं. पिटू तीन वर्षांची असल्यापासून मौनाच्या तासाला तिच्या खोलीत येऊन बसायची. बोलायचं नाही, म्हणून दोघींच्या हातांच्या खुणा ठरलेल्या. उभा तळवा म्हणजे थांब. दोन्ही हात मांड्यांवर म्हणजे चाळे नकोत. छातीवर तळवा म्हणजे बस माझ्याजवळ. पोरीनं एवढ्या वर्षांत दादाचं ऐकलं नव्हतं, आईचं ऐकलं नव्हतं, पण त्या तासात आत्याचा हात वर झाला की ती जागच्या जागी थांबे.

पण झाडाला चिकटलेल्या आत्याचा हात तिला दिसणार कसा?

आत्यानं झाडावरची पाठ काढली. एक पाऊल. फळ्यांच्या फटींतून खालचं दिसत होतं. तिनं खाली बघितलं आणि बघायला नको होतं. दुसरं पाऊल टाकता येईना, म्हणून ती बसली आणि बसूनच सरकली, दोरी मागे ताणत, तिसऱ्या, उघड्या बाजूकडे, जिथं फळी संपत होती. देवाचं नाव घ्यायचं म्हटलं तर नावच आठवेना. तिनं पाय कडेवरून खाली सोडले. खाली काही नव्हतं. पायांखाली नुसती थंड हवा होती आणि ती बुटांच्या तळव्यांना चाटत होती.

"बाई, मागे व्हा!"

"बघू द्या तिला."

तिनं डोक्यावरचं हेल्मेट काढलं. रोजचे केस, रोजचा अंबाडा. पाठ ताठ केली, रोज बसते तशी. आणि उजवा तळवा उभा धरला, पूर्ण हात लांब करून.

थांब.

पिटूचं डोकं वर झालं.

आत्यानं हात हलवला नाही. तसाच धरून ठेवला. मग दोन्ही हात सावकाश खाली आणून मांड्यांवर ठेवले. पुन्हा वर. पुन्हा मांड्यांवर. हात थरथरत होते, इतके की खूण मोडेल असं तिला वाटलं. चाळे नकोत. चाळे नकोत, बाळा. ओठ मिटलेले होते. मौनात ओठ मिटलेलेच असतात.

बकलावरचा हात सुटला. एक हात मांडीवर आला. मग दुसरा.

शिट्टीवालीनं रोखलेला श्वास सोडला. आत्याच्या कानाशी तो ऐकू आला.

त्यानंतर किती वेळ गेला ते आत्याला सांगता आलं नसतं. ती कडेवर बसून होती, हात मांड्यांवर, आणि दरीच्या मध्यावर लटकलेली पोरगी हात मांड्यांवर ठेवून तिच्याकडे बघत होती. वाऱ्यानं पिटूला फिरवलं की ती मान वळवून पुन्हा इकडे शोधायची. पाय सुन्न झाले. एकदा मागून दोरीचा हलका ताण लागला. शिट्टीवालीनं ती स्वतःच्या मुठीत गुंडाळून धरली होती. लंबू पोचला. त्यानं पिटूच्या चाकाला दोरी बांधली. पलीकडच्या मचाणावर भाऊ आणि दादा ती दोरी ओढायला लागले. पिटू मागे मागे जात, लहान होत, ठिपका होत, ठिपक्यांत मिसळली.

तेव्हा आत्याला रडू फुटलं. शिट्टीवालीनं तिला काखेत धरून फळीवरून मागे ओढलं आणि हेल्मेट तिच्या डोक्यावर थापलं.

"मला वाटेत सांगायचंत," ती म्हणाली. रागावून नाही. पण हळूही नाही.

"हो."

वॉकीटॉकी खरखरला. लंबू धापा टाकत होता. "पोरगी ठीक आहे. पण पट्टा काढू देत नाहीये. म्हणते, आत्या आल्याशिवाय नाही काढणार. आईलापण हात लावू देईना."

शिट्टीवालीनं आत्याकडे बघितलं. "वाटेनं उतरायला तास. मग गाडी इकडे येऊन परत जायला आणखी तास."

दोन तास ती पोरगी त्या पट्ट्यात. आत्यानं तारेकडे बघितलं. आता तिला ठाऊक होतं की तार तुटत नाही. भीती त्यानं तसूभर कमी झाली नव्हती.

"माझं वजन... पुरेल का?"

"तुमचं पुरतं," शिट्टीवाली म्हणाली, आणि पहिल्यांदाच जराशी हसली. "तुमच्या खिशात काय आहे?"

खिशात माळ होती. शिट्टीवालीनं ती बघितली, खिशाची चेन लावली, आणि आत्याला फळीच्या टोकावर आणलं. आत्यानं विचारलं, "डोळे मिटले तर चालतं?" उत्तर यायच्या आत शिट्टी वाजली.

दरी तिनं पाहिली नाही. तिला आठवतं ते फक्त चाकाचं किंचाळणं, तोंडावर थापडा मारणारा वारा, आणि आपण मधेच थांबणार, आत्ता थांबणार, ही एकच गोष्ट. मग लंबूच्या हाताचा हिसका, आणि फळ्या.

पिटू मचाणाच्या कोपऱ्यात बसली होती, हात अजून मांड्यांवर. आत्या गुडघ्यांवरच तिच्यापर्यंत गेली. पोरीनं तिच्या दंडावर एक गुद्दा मारला. मग दुसरा.

"तू सांगितलंस. शब्द दिला होतास."

"दिला होता."

"तू कधी मोडत नाहीस."

"आज मोडला."

भाऊ मागे उभा होता. त्याचे तळवे दोरीनं सोलले होते. "ताई, तुला आधी माहीत होतं?" एवढंच त्यानं विचारलं.

"वाटेत कळलं. मला वाटलं, हलकी आहे म्हणजे बरंच आहे."

तो गॅरेजवाला. तार, बेअरिंग, सगळं विचारून झालेला. तो फळीवर खाली बसला. "मलापण तेच वाटलं असतं," तो म्हणाला, आणि तोंड दोन्ही हातांत घातलं. भावजय मधे आली, तिनं कुणालाच काही विचारलं नाही, पिटूच्या पट्ट्याचं बक्कल उघडलं. या वेळी पिटूनं उघडू दिलं. डबे गाडीतच राहिले. दादानं परतीच्या वाटेवर एकदा "काडी" म्हणून सुरुवात केली, मग स्वतःची पाण्याची बाटली तिच्या मांडीवर ठेवली.

पिटू आत्याशी बोलली नाही. गाडीत नाही, जेवताना नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या नदीकडच्या खिडकीपाशी बसली. बाहेर काठाला ते दगड होते, ओले, पांढरे. तिनं माळ हातात घेतली. बोटं थरथरत होती. कालची थरथर अजून उतरली नव्हती, आणि डोळे मिटले की पायांखालची ती हवा परत येत होती. एक मणी ओढला. तोच ओढला की पुढचा, हे कळेना.

दार वाजलं. पिटू आत आली. रोजच्या जागी बसली, पण पाठ करून.

आत्यानं छातीवर तळवा ठेवला. बस माझ्याजवळ. पण पाठ करून बसलेल्याला खूण दिसत नाही. आणि बोलायचं तर मौन होतं. ती तशीच राहिली, तळवा छातीवर.

बऱ्याच वेळानं पिटू, मागे न बघता, बसल्या बसल्या जराशी मागे सरकली. मग आणखी जराशी. तिची पाठ आत्याच्या गुडघ्याला टेकली. ती पाठसुद्धा थरथरत होती.

आत्यानं माळ खाली ठेवली.